वजनकाट्याची अपुरी साक्ष

‘गरोदरपणी थोडीशी घेतल्याने बाळाचे वजन काही कमी होत नाही’ हे विधान अलीकडे आपल्याकडील सुशिक्षित मंडळींत ज्या निःशंकपणे केले जाते, त्या निःशंकपणाचे मूळ जर केवळ अज्ञानात असते, तर त्याचा प्रतिवाद करण्याकरिता लेखणी उचलण्याचे प्रयोजन पडले नसते. कारण अज्ञान सांगितल्यासवरल्याने दूर होते. परंतु हे विधान करणारी माणसे अज्ञ नसतात. त्यांनी काहीतरी वाचलेले असते, परदेशी संशोधनाचे निष्कर्ष त्यांच्या जिभेवर असतात, आणि ते निष्कर्ष खोटेही नसतात. खऱ्या निष्कर्षावरून चुकीचा निर्णय काढण्याचा हा प्रमाद निव्वळ अज्ञानापेक्षा अधिक घातक होय, कारण त्याला शास्त्राचा आधार असल्याचा भास होतो आणि त्याची किंमत निर्णय काढणाऱ्यास नव्हे, तर जे अद्याप जन्मास आलेले नाही अशा जिवास मोजावी लागते. म्हणून आपल्या जुन्या वादपद्धतीस अनुसरून पूर्वपक्ष प्रथम त्याच्या संपूर्ण बळानिशी मांडावा आणि मगच त्याचे उत्तर द्यावे, हा मार्ग मी पत्करीत आहे.

पूर्वपक्षाची कैफियत चार कलमांत सामावते. पहिले कलम असे की, गरोदरपणी अल्पस्वल्प मद्य घेणाऱ्या स्त्रियांविषयी तोवर झालेले अभ्यास ऑक्सफर्डच्या संशोधकांनी एकत्र तपासून २००७ साली आपला अहवाल प्रसिद्ध केला, तेव्हा गर्भपात, अकाली प्रसूती अथवा जन्मवजनातील घट यांपैकी कशाविषयीही सुसंगत पुरावा त्यांच्या हाती लागला नाही. आणि २०११ साली पात्रा व त्यांच्या सहकाऱ्यांनी अनेक अभ्यासांचे आकडे एकवटून जे गणित मांडले, त्यातही दररोज सरासरी दहा ग्रॅम मद्यार्कापर्यंत कमी वजनाच्या बाळाचा धोका वाढलेला दिसला नाही. एमिली ऑस्टर या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ बाईंनी २०१३ साली प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात अशाच पुराव्यांच्या बळावर अधूनमधून घेतलेल्या प्याल्याची धास्ती अनाठायी ठरवली. दुसरे कलम असे की, फ्रान्स-इटलीकडील स्त्रिया पिढ्यान्‌पिढ्या जेवणाबरोबर द्राक्षमद्य घेत आल्या, त्यांची मुले काही खुजी निपजली नाहीत. तिसरे असे की, आपल्याकडील बाळांचे वजन कमी भरते ते रक्तक्षयाने, अर्धपोटी राहण्याने, कोवळ्या वयातील लग्नाने आणि मिसरीने. मद्याचा प्रश्न हा मूठभर श्रीमंतांचा. आणि चौथे कलम असे की, गर्भिणीने काय प्यावे हे समाजाने सांगणे म्हणजे नीतीच्या नावाखाली स्त्रीवर पहारा बसवणे होय.

या चारही कलमांत सत्याचा अंश आहे, आणि तो मी प्रारंभीच मान्य करतो. माझा आक्षेप आहे तो त्या अंशावरून पूर्णाचा निवाडा करण्याला.

प्रथम वजनाचाच प्रश्न घेऊ. २०११ च्या ज्या गणिताचा दाखला दिला जातो, त्याचा पूर्वार्धच तेवढा सांगितला जातो. उत्तरार्ध असा की, दररोज दहा ग्रॅमची मर्यादा ओलांडली की कमी वजनाचा धोका प्रमाणाबरोबर चढत जातो. हा चढ काही नवा नव्हे. १९७७ साली अमेरिकेत झालेल्या एका अभ्यासात गरोदरपणाच्या उत्तरार्धात दररोज सरासरी एक औंस शुद्ध मद्यार्क घेणाऱ्या स्त्रियांच्या बाळांचे वजन सरासरी १६० ग्रॅमनी कमी आढळले होते. १९८४ साली एकतीस हजारांहून अधिक गरोदर स्त्रियांच्या नोंदी तपासण्यात आल्या, तेव्हा दररोज एका प्याल्याहून कमी घेणाऱ्यांत ही घट अवघी १४ ग्रॅम, तर तीन ते पाच प्याले घेणाऱ्यांत १६५ ग्रॅम भरली. आणि गर्भवयाच्या मानाने खुरटलेले मूल होण्याचा संभव दिवसाकाठी एक-दोन प्याले घेणाऱ्यांतसुद्धा स्पष्टपणे वाढलेला होता. पुढे २०१७ साली ब्रिटनमधील संशोधकांनी आठवड्याला ३२ ग्रॅमपर्यंत, म्हणजे अगदी अल्प, मद्य घेणाऱ्यांविषयीचा पुरावा एकत्र केला. पुरावा तोकडा असल्याची कबुली त्यांनी दिली. तथापि जो होता, त्यात खुरटलेल्या बाळाचा संभव सुमारे आठ टक्क्यांनी अधिक होता. म्हणजे ‘वजन कमी होत नाही’ या विधानाचे खरे रूप असे की, पुष्कळ घेतल्यास वजन निश्चित घटते, मध्यम घेतल्यास बहुधा घटते, आणि अगदी थोडे घेतल्यास होणारी घट एवढी बारीक असते की ती आपल्या मापांत कधी सापडते, कधी निसटते. आता ‘निसटते’ याचा अर्थ ‘नसते’ असा करण्याचा अधिकार कोणी कोणास दिला?

येथे ‘थोडे’ या शब्दाचीही रुजवात घेतली पाहिजे, कारण या वादातील निम्मा घोटाळा त्या एका शब्दाच्या पोटात आहे. ब्रिटनमध्ये मद्याचे एक माप म्हणजे आठ ग्रॅम शुद्ध मद्यार्क. अमेरिकेतील एक प्याला म्हणजे चौदा ग्रॅम. आपल्याकडील दुकानात मिळणाऱ्या व्हिस्की-रमचे प्रमाण शेकडा ४२.८ असते, म्हणजे साठ मिलिलिटरच्या एका पेगात वीस ग्रॅम मद्यार्क आला. आपल्याकडे ज्या ‘स्ट्राँग’ बियरचा खप सर्वांत मोठा, तिच्या ६५० मिलिलिटरच्या एका बाटलीत, आठ टक्क्यांच्या हिशेबाने, एक्केचाळीस ग्रॅम मद्यार्क असतो. म्हणजे २०१७ च्या अभ्यासाने आठवडाभराचे ‘अल्प’ म्हणून जे प्रमाण धरले, ते आपल्याकडची एक बाटली एका संध्याकाळी ओलांडून जाते. मोहाच्या दारूची तर गोष्टच सोडा. तिच्यावर चिठ्ठी नाही, टक्केवारी नाही, आणि प्रत्येक भट्टीचा कस निराळा. परदेशातील ‘थोडे’ उचलून आपल्या पेल्यात ओतणे म्हणजे एका गावच्या मापाने दुसऱ्या गावचे धान्य मोजणे होय. शिवाय दररोज दहा ग्रॅम ही सरासरी आहे. आठवड्याचे सत्तर ग्रॅम शनिवारच्या एका रात्री घेतले, तर कागदावरची सरासरी तीच राहते, परंतु गर्भाच्या रक्तात त्या रात्री जे चढते ते सरासरी नसते.

मध्यंतरी एका परिचित कुटुंबातील डोहाळजेवणास गेलो होतो. ओटी भरून झाली, फुलांच्या वाडीत बसवून फोटो निघाले, आणि रात्री घरची मंडळी तेवढी उरल्यावर नणंदेने मोठ्या प्रेमाने भावजयीच्या हाती द्राक्षमद्याचा पेला दिला. “घे गं, वाईन म्हणजे काही दारू नव्हे, द्राक्षांचा रसच तो,” हे तिचे शब्द. २०२२ च्या जानेवारीत किराणा भांडारांतून वाईन विकण्याची मुभा देण्याची तजवीज राज्य मंत्रिमंडळाने केली, तेव्हा हेच वाक्य अख्ख्या महाराष्ट्राने ऐकले होते. त्या धोरणाच्या बऱ्यावाईटाशी येथे मला कर्तव्य नाही. नाशिकच्या द्राक्ष बागायतदाराचे हित हा स्वतंत्र विषय आहे. पण दीडशे मिलिलिटरच्या त्या पेल्यात बारा टक्क्यांच्या हिशेबाने चौदा ग्रॅम मद्यार्क असतो, आणि तो द्राक्षातून आला की मोहातून की उसाच्या मळीतून, हे गर्भाच्या यकृतास ओळखू येत नाही, एवढे मात्र त्या माउलीस कोणीतरी सांगावयास हवे होते. तीच गोष्ट आसव-अरिष्टांची. आंबवून सिद्ध केलेल्या या औषधांत बारा टक्क्यांपर्यंत स्वयंजनित मद्यार्क असू शकतो. मात्रा चमचा-दोन चमच्यांची असल्याने त्यांचा बाऊ करण्याचे कारण नाही, परंतु ‘आयुर्वेदिक म्हणजे निरुपद्रवी’ असे गृहीत धरून गर्भिणीने ती आपल्या मनाने, वैद्याच्या सल्ल्यावाचून, घेऊ नयेत हे उघड आहे.

मद्य गर्भाचे वजन घटवते ते कोणत्या मार्गाने, हेही पाहिले पाहिजे. कारण कार्यकारणभाव समजला म्हणजे आकड्यांचा अर्थ लागतो. वार ही पुष्कळ विषांना अडवणारी चाळण असली, तरी मद्यार्काचा कण इतका सूक्ष्म आणि पाण्यात असा मिसळणारा की तो तिच्यातून विनासायास पार होतो, आणि थोड्याच वेळात गर्भाच्या रक्तातील त्याचे प्रमाण मातेच्या रक्तातील प्रमाणाच्या बरोबरीस येते. मातेचे यकृत त्याची विल्हेवाट लावते. गर्भाच्या अपरिपक्व यकृतास ते साधत नाही. गर्भ तो मूत्रावाटे गर्भजलात टाकतो आणि तेच गर्भजल पुन्हा गिळतो, त्यामुळे मातेची धुंदी उतरल्यावरही त्याची सुटका लांबते. नाळेच्या आणि वारेच्या रक्तवाहिन्या मद्यामुळे आकसतात. प्राणवायूचा पुरवठा मंदावतो. अमिनो आम्ले आणि जस्त यांसारखी बांधणीची द्रव्ये पलीकडे पोचण्यात अडथळा येतो. आणि या सर्वांहून गंभीर असे की पेशींचे विभाजनच मंदावते. उपासमारीने मूल कृश होते. मद्याने ते लहान घडते. या दोहोंतला भेद मोठा आहे. १९७३ साली अमेरिकेतील सिएटल येथील जोन्स आणि स्मिथ यांनी अट्टल मद्यपी मातांच्या आठ मुलांचे जे वर्णन ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध केले, त्यातील मुले पुढे पोटभर अन्न मिळूनही आपली वाढ भरून काढू शकली नाहीत. कृश मुलाला दूधभाताने बाळसे धरवता येते. मुळात ज्याच्या पेशीच कमी घडल्या, त्याला ते कोठून धरवणार?

आता मी माझ्या मुख्य मुद्द्याकडे येतो. पूर्वपक्षाची सर्व भिस्त वजनावर आहे, आणि वजन हा या खटल्यातला एक साक्षीदार आहे, न्यायाधीश नव्हे. गर्भाच्या चेहऱ्याचा घाट, हृदय आणि मेंदू यांचा पाया पहिल्या तीन महिन्यांत घातला जातो; वजनाचा मोठा वाटा मात्र अखेरच्या तीन महिन्यांत चढतो, शेवटच्या काही आठवड्यांत तर आठवड्याला दोनशे ग्रॅमच्या आसपास. म्हणून जी स्त्री पहिल्या तिमाहीत प्याली आणि पुढे थांबली, तिचे मूल काट्यावर तीन किलोचे भरू शकते. आणि तरीही ज्या मेंदूची बांधणी त्या पहिल्या आठवड्यांत झाली, त्या मेंदूत काय बिघडले हे काटा सांगणार नाही, ते सात-आठ वर्षांनी शाळेच्या बाकावर दिसेल. मेंदूची घडण तर नऊही महिने चालू असते. चरकसंहितेच्या शारीरस्थानात गर्भाला उपघात करणाऱ्या गोष्टींची गणना करताना, नित्य मद्य घेणाऱ्या स्त्रीचे अपत्य तृषार्त, अल्पस्मृतीचे आणि अस्थिर चित्ताचे निपजते, असे सांगितले आहे. त्या प्राचीन वैद्याने वजनाचा उल्लेख केलेला नाही. त्याने स्मृती आणि चित्त यांचा उल्लेख केला आहे. प्राचीन म्हणून ते प्रमाण मानावे असे माझे म्हणणे नाही. परंतु नजर कोठे ठेवावयाची हे त्याला उमगले होते, आणि काट्यापाशी अडून बसलेल्या आपल्या सुशिक्षितांना ते उमगलेले नाही, हे मला खेदाने नमूद करावे लागते.

यावर कोणी म्हणेल की अल्प मद्याने बुद्धीसही अपाय दिसत नाही असे सांगणारे अभ्यास आहेत. आहेत खरे. परंतु त्यांतील तुलना कोणाची कोणाशी झाली, हे पाहिले पाहिजे. ब्रिटन-डेन्मार्कसारख्या देशांत गरोदरपणी अधूनमधून एखादा प्याला घेणाऱ्या स्त्रिया बहुधा सुस्थित, शिकलेल्या आणि चांगले खाणाऱ्यापिणाऱ्या असतात; मद्याला मुळीच न शिवणाऱ्यांत गरिबीने गांजलेल्या आणि दुखण्यामुळे सोडावे लागलेल्या स्त्रियाही मोडतात. सुस्थितीचा लाभ मद्याची लहानशी हानी झाकून टाकतो आणि जमाखर्च बरोबरीचा भासतो. ही गुंतागुंत टाळण्याकरिता ब्रिस्टल येथील संशोधकांनी २०१२ साली निराळी युक्ती योजली. मद्यार्काचे पचन मंदावणारे काही आनुवंशिक गुण कोणाच्या वाट्यास यावेत हे घरच्या श्रीमंतीवर अवलंबून नसते, हे ध्यानी घेऊन त्यांनी चार हजारांहून अधिक मुलांची आठव्या वर्षीची बुद्धी तपासली. ज्या मातांनी गरोदरपणी माफक मद्य घेतले होते, त्यांच्या मुलांत हे गुण जितके अधिक, तितका बुद्ध्यंक खाली. आणि ज्यांनी मुळीच घेतले नव्हते, त्यांच्या मुलांत हा संबंध आढळलाच नाही. जी हानी साध्या तुलनेत दडून बसत होती, ती पडदा बाजूस होताच समोर आली.

सदोष तुलनेने सत्य झाकले जाण्याची ही पहिली वेळ नव्हे. १७२६ साली लंडनच्या राजवैद्यक महाविद्यालयाने तेथील पार्लमेंटला अर्ज करून बजावले होते की, जिन नामक स्वस्त दारूच्या पुरामुळे दुर्बळ आणि रोगट संतती निपजत आहे. १८९९ साली लिव्हरपूलच्या तुरुंगातील वैद्य विल्यम सलिव्हन यांनी १२० मद्यपी कैदी स्त्रियांच्या ६०० मुलांची हकिगत नोंदली. त्यांतील निम्म्याहून अधिक मृतावस्थेत जन्मली वा दोन वर्षांच्या आत दगावली, तर त्यांच्याच निर्व्यसनी नातलग स्त्रियांच्या मुलांत हे प्रमाण चौथ्या हिश्शाहूनही कमी होते. सलिव्हन यांना आणखी एक गोष्ट दिसली, आणि ती मला सर्वांत मोलाची वाटते: ज्या स्त्रीची आधीची मुले वाचली नव्हती, तिला गरोदरपणाच्या आरंभीच तुरुंगवास घडला आणि दारू सक्तीने सुटली, तर तिचे मूल धडधाकट निपजे. इतका स्पष्ट पुरावा असताना १९१० साली एथेल एल्डर्टन आणि संख्याशास्त्राचे आचार्य कार्ल पिअर्सन यांनी आईबापांच्या मद्यपानाचा मुलांच्या शरीरावर वा बुद्धीवर म्हणण्यासारखा परिणाम दिसत नसल्याचे जाहीर केले. ज्या वस्तीतून नमुना घेतला ती प्रातिनिधिक नाही, अशी हरकत अर्थशास्त्रज्ञ जॉन मेनार्ड केन्स यांनी त्याच वेळी घेतली होती. पण मोठ्या नावाच्या दबदब्यापुढे हरकती दप्तरात पडून राहतात. पुढे अर्धे शतक वैद्यकाने या विषयाकडे पाठ फिरवली. इतकी की १९६० नंतरच्या काळात अकाली कळा थांबवण्याकरिता डॉक्टरांनीच गर्भिणीच्या शिरेतून मद्यार्क देण्याची रीत पडली. १९६८ साली फ्रान्समधील नांत येथील बालरोगतज्ज्ञ पॉल लेमॉइन यांनी मद्यपी आईबापांच्या १२७ मुलांचे वर्णन प्रसिद्ध केले, तेही दुर्लक्षित राहिले. आणि १९७३ साली सिएटलहून आवाज उठला तेव्हा कोठे जगाने कान दिला. ‘परिणाम दिसत नाही’ या तीन शब्दांच्या भरवशावर किती मुलांचे जन्म वाया गेले, याचा हिशेब कोणत्याही दप्तरात नाही.

फ्रान्सचे नाव निघाले म्हणून दुसऱ्या कलमाचे उत्तर येथेच देतो. ज्या देशाच्या संस्कृतीची साक्ष काढली जाते, त्याच देशात लेमॉइन यांना ती १२७ मुले सापडली, आणि त्याच देशाने २००७ पासून मद्याच्या प्रत्येक बाटलीवर गर्भिणीसाठी इशारा छापणे सक्तीचे केले आहे. दक्षिण आफ्रिकेच्या पश्चिम केप प्रांतात द्राक्षमळ्यांवरील मजुरांना मजुरीचा एक हिस्सा द्राक्षमद्याच्या रूपाने देण्याची प्रथा पिढ्यान्‌पिढ्या चालली. आज मद्यबाधित मुलांचे जगातील सर्वाधिक प्रमाण आढळणाऱ्या प्रदेशांत त्या भागाची गणना होते. आणि ज्या ब्रिटनमध्ये पूर्वी आठवड्यातून एक-दोन वेळा एक-दोन मापे चालतील असे सरकारी वैद्यकच सांगत असे, तेथील मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्यांनी २०१६ साली ती मुभा काढून घेऊन, गरोदरपणी मुळीच न घेणे हेच सर्वांत सुरक्षित, असे निःसंदिग्ध शब्दांत बजावले.

तिसरे कलम सर्वांत वजनदार आहे, आणि ते मी मनापासून मान्य करतो. रक्तक्षय, अर्धपोट, कोवळे वय आणि तंबाखू हेच आपल्याकडील कमी वजनाचे मोठे कर्ते आहेत. मुंबईत बाराशेंवर गरोदर स्त्रियांच्या पाहणीचा जो अहवाल २००४ साली प्रसिद्ध झाला, त्यात मिसरी-तंबाखू वापरणाऱ्यांच्या बाळांचे वजन सरासरी १०५ ग्रॅमनी कमी भरले होते. परंतु यावरून निघणारा निष्कर्ष पूर्वपक्षाच्या नेमका उलट आहे. युरोपातील सव्वातीन-साडेतीन किलोच्या बाळाचे १६० ग्रॅम गेले, तर त्याचे बाळसे जरा उतरते. आपल्याकडील दोन किलो सहाशेच्या बाळाचे तेच १६० ग्रॅम गेले, तर ते अडीच किलोच्या, म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेने आखलेल्या, रेषेखाली जाते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार आपल्या देशातील सुमारे अठरा टक्के बाळे आधीच त्या रेषेखाली जन्मतात. जेथे आई मुळात अशक्त, तेथे मद्य म्हणजे दुष्काळात तेरावा महिना. आणि हा प्रश्न श्रीमंतांचा म्हणणाऱ्यांनी त्याच पाहणीचे दुसरे पान उलटावे: देशात मद्य घेणाऱ्या स्त्रियांचे प्रमाण शहरांत ०.६ टक्के, तर खेड्यांत १.६ टक्के आहे. प्रमाण लहान आहे हे खरे. पण ज्या पदरात ते पडते, तो पदर आधीच फाटलेला आहे.

उमेदीच्या वर्षांत मी पूर्व विदर्भातील जंगलपट्टीतल्या एका आरोग्य केंद्रावर होतो. पावसाळ्यातील एका रात्री एक पहिलटकरीण बाळंत झाली. सिस्टरांनी बाळाला कापडाच्या झोळीत घालून स्प्रिंगच्या काट्यास टांगले. झोळी हलायची थांबली आणि काटा एक किलो नऊशेवर स्थिरावला. केसपेपरावर सगळे लिहिलेले होते: वय एकोणीस, हिमोग्लोबिन साडेसात, मिसरी होय. मद्याचा रकाना नव्हता. आणि तो नव्हता म्हणून नऊ महिन्यांत तो प्रश्न मीही कधी विचारला नव्हता. सकाळी ओसरीवर बसलेल्या सासूला मी सहज विचारले, तेव्हा ती कसलाही आडपडदा न ठेवता म्हणाली, “कंबर लय दुखे जी तिची, मंग रातच्याला मोहाची दोन घोट देत जाओ मी, झोप लागे तिले.” त्या बाळाचे वजन त्या दोन घोटांनीच घटले, असे मी म्हणत नाही, साडेसात हिमोग्लोबिन आणि मिसरी एवढी कारणे पुरेशी होती. परंतु त्या सासूने जे केले ते मायेने केले होते. तिला कोणी सांगितले नव्हते, आणि सांगण्याचे काम माझे होते. तो दोष मी आजही माझ्या नावावर धरतो.

त्या ओसरीवरच चौथ्या कलमाचे उत्तर आहे. गर्भिणीवर पहारा बसवावा, तिला शिक्षा करावी, तिची बेअब्रू करावी, असे म्हणणाऱ्यांच्या मी सर्वस्वी विरुद्ध आहे; धाक घातला की स्त्री दवाखान्याची पायरी चढेनाशी होते आणि मुलाचे दुहेरी नुकसान होते. दिवस गेल्याचे कळण्याआधी एखाद्या समारंभात जिने एखादा पेला घेतला, तिला साप साप म्हणून घाबरवणेही मी गैर मानतो; तिने आता थांबावे आणि निर्धास्त मनाने डॉक्टरांना सांगावे, एवढेच पुरे. थांबण्याचा लाभ कधीही होतो: बॉस्टनच्या एका रुग्णालयात १९८० च्या सुमारास झालेल्या पाहणीत, पुष्कळ पिणाऱ्या ज्या स्त्रियांनी अखेरच्या तिमाहीपूर्वी पिणे सोडले वा आटोक्यात आणले, त्यांच्या बाळांची वाढ पिणे चालू ठेवणाऱ्यांच्या बाळांहून सरस होती. परंतु स्वातंत्र्य म्हणजे अज्ञानात ठेवले जाण्याचा हक्क नव्हे. ‘थोडीशी चालते’ असे सांगून तिला खोटा दिलासा देणारा माणूस तिच्या स्वातंत्र्याचा कैवारी नव्हे, कारण ज्या माहितीवर तिने निर्णय घ्यावयाचा, ती माहितीच तो अर्धी झाकून ठेवतो. किती मद्य निर्धोक, हे आज कोणाही शास्त्रज्ञास सांगता येत नाही. आणि मुळीच न घेतल्याने कोणत्याही गर्भाचे कधी काही बिघडले नाही. हे दोन्ही तिला जसेच्या तसे सांगावे, म्हणजे निर्णय करणे अवघड उरत नाही.

हे सांगण्याची जबाबदारी तिच्या एकटीची नाही. पहिल्याच तपासणीस डॉक्टर, सिस्टर आणि आशाताई यांनी मिसरीबरोबर मद्याचाही प्रश्न, कपाळास आठी न घालता, प्रत्येकीस विचारावा. शहरातील सुस्थित बाईस वगळू नये आणि पाड्यावरच्या बाईविषयी आधीच ग्रह करून घेऊ नये. अमेरिकेतील बाटल्यांवर १९८९ पासून गर्भिणीसाठी इशारा छापला जातो. आपल्याकडील बाटलीवर २०१९ पासून मद्य आरोग्यास अपायकारक आहे आणि पिऊन गाडी चालवू नये, एवढे छापणे बंधनकारक आहे. गर्भाविषयी त्यात अक्षर नाही. गाडीची काळजी करणाऱ्या सरकारने पाळण्याचीही करावी, आणि तो इशारा मराठीत, ठळक अक्षरांत छापावा. आणि घरातील पुरुषांनो, विनंती तुम्हालाही आहे, कारण बहुतेक घरांत बाटली आणणारे हात तुमचेच असतात: दिवस गेल्याचे कळेल त्या दिवशी ती बाटली घराबाहेर जाऊ द्या, आणि नऊ महिने तुम्हीही तिला शिवू नका. जन्मास येणारे मूल काट्यावर किती भरेल हे कोणाच्या हाती पूर्णपणे नसते. त्याच्या वाट्यास मद्य येऊ न देणे मात्र पूर्णपणे आपल्या हाती आहे.